साडेसदतीस अंश

गावरान कोंबडीचं ताजं, फलित अंडं हातात घेतलं तर आत काही चाललं असेल असं मुळीच वाटत नाही. पण कोंबडीने ते घातलं तेव्हाच आतला जीव जवळजवळ एक दिवसाचा झालेला असतो. कोंबडीच्या पोटात बलकावर पांढरं चढतं, मग कवच चढतं, आणि त्याच वेळी पेशी दुप्पट-चौपट होत राहतात. अंडं बाहेर येतं तेव्हा बलकावरच्या त्या फिकट, मसुराएवढ्या ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात. मग अंडं गार होतं आणि हे काम आहे त्या टप्प्यावर थांबतं. साधारण २० ते २१ अंश सेल्सिअसच्या खाली वाढ जवळपास ठप्प असते. हे थांबलेलं काम आठवडाभरानंतरही ऊब मिळताच जिथे होतं तिथून पुढे सुरू होतं.

त्यापुढच्या २१ दिवसांत बाहेरून अन्नाचा कणही आत जात नाही. पिल्लाचं रक्त, मांस, पिसं, डोळे हे सगळं आतल्याच शिध्यातून घडतं. हाडांसाठी लागणारा बहुतेक चुनाही कवचातूनच घेतला जातो. कोंबडी अंड्याला देते ती ऊब. अधूनमधून ती अंडी फिरवते, आणि कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून हवा आपली आपण आत-बाहेर करते. ऊब मिळाली की दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके सुरू होतात. अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी उबवणीची अंडी फोडून पाहिली होती. तीन दिवस-रात्रींनंतर दिसणारा, हलणारा रक्ताचा ठिपका त्याने लिहून ठेवला आहे. आज अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर अंडं धरलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी मधे एक गडद बिंदू आणि त्यापासून चहूकडे पसरलेल्या बारीक लाल शिरा दिसतात. जरा थांबून पाहिलं तर तो बिंदू हललेलाही दिसतो.

हे सगळं ज्या उबेवर चालतं तिची मर्यादा फार अरुंद आहे. पंखा असलेल्या उबवणी यंत्रात हवेचं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट ठेवायचं. ते सतत अर्धा अंश वर-खाली राहिलं तरी पिल्लं निघण्याची वेळ साधारण दिवसभराने सरकते. चाळिशीच्या वर गेलं तर काही तासांत घाण्यातली बरीच पिल्लं आतच मरू शकतात. त्या मानाने थोडा वेळ आलेला गारवा अंडं बऱ्यापैकी सोसतं.

आज गावोगावी लोक अंडी उबवण्याचं यंत्र घरीच बनवतात. थर्माकोलचा खोका, एक-दोन पिवळे बल्ब, कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मोस्टॅट एवढ्यावर काम भागतं. खुडूक कोंबडीची वाट न बघता पन्नास अंडी एकदम लावता येतात. मग एकविसावा दिवस येतो, कधी चाळीस पिल्लं निघतात तर कधी आठ, आणि प्रश्न पडतो की डिस्प्लेवर तर सतत साडेसदतीस दिसत होतं, मग चुकलं कुठे?

उत्तर असं की त्या खोक्यात तापमान एकच नसतं. डिस्प्लेवर दिसतं ते सेन्सरचं तापमान. खोक्यातली हवा वेगवेगळ्या जागी वेगवेगळी तापलेली असते. आणि अंड्याच्या आतलं तापमान या दोन्हींहून निराळं असू शकतं. पिल्लू फक्त शेवटचं जाणतं. तापमानाचा दोष शोधायचा म्हणजे डिस्प्लेपासून निघून टप्प्याटप्प्याने अंड्याच्या आत पोचायचं.

आकडा खरा आहे का?

पहिला संशय मोजणाऱ्यावर घ्यावा. स्वस्त सेन्सर एखाद अंशाने सहज चुकतो, आणि इथे एक अंश म्हणजे सगळा घाणा.

तपासणीची पहिली पद्धत बर्फाची. पेल्यात बारीक कुटलेला बर्फ काठोकाठ भरावा, फटी भरतील एवढंच पाणी घालावं, ढवळावं आणि सेन्सरचं टोक मधोमध दोन-तीन मिनिटं ठेवावं. वितळणाऱ्या शुद्ध बर्फाचं तापमान शून्य अंश असतं, म्हणून आकडा शून्याजवळ थांबला पाहिजे. पण शून्याला बरोबर असणारा सेन्सर साडेसदतिसालाही बरोबर असेलच असं नाही. म्हणून दुसरी तपासणी त्याच जागी करायची, आणि तिचं साधन बहुतेक घरांत असतं. तापाचा डिजिटल थर्मामीटर माणसाच्या शरीरासाठी, म्हणजे नेमका ३५ ते ४२ अंशांच्या पट्ट्यासाठी बनवलेला असतो आणि चांगला असला तर तिथे दशांशापर्यंत खरा बोलतो. कोंबडीच्या अंड्याला हवं असलेलं तापमान याच पट्ट्यात येतं, ही आपली मोठीच सोय झाली.

एका तांब्यात कोमट पाणी घ्यावं, तापाच्या थर्मामीटरवर ३८च्या आसपास येईल एवढं. दोन्हींची टोकं एकमेकांना चिकटवून धरावीत, पाणी हलवत राहावं आणि आकडे वाचावेत. थर्मामीटर ३७.८ दाखवतो आणि यंत्राचा सेन्सर ३६.९, तर सेन्सर ०.९ने कमी सांगतोय. म्हणजे आजवर डिस्प्लेवर साडेसदतीस दिसत होतं तेव्हा खोक्यात खरं तापमान ३८.४ होतं! घरगुती यंत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यू १२०९ या थर्मोस्टॅटमध्ये असा फरक भरून काढण्यासाठी पी४ नावाची सेटिंग असते. ती नसेल तर फरक खोक्यावर पेनाने लिहून ठेवावा आणि तेवढा हिशेब धरून आकडा लावावा.

खोक्यात कुठे मोजायचं?

गरम हवा हलकी होऊन वर चढते. पंखा नसलेल्या खोक्यात तळाशी आणि झाकणापाशी दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून बिनपंख्याच्या यंत्रात अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.५च्या आसपास तापमान ठेवण्याची रीत आहे. वर तेवढं असलं तर अंड्याच्या पोटापाशी ते हवं तितकं उतरतं. पंख्याच्या यंत्रासाठी सांगितलेला ३७.५चा आकडा अशा खोक्याला लावला तर अंडी थंड पडतात, आणि पिल्लं का उशिरा निघाली याचा पत्ता लागत नाही.

सेन्सरची जागा हा नेहमीचा घोटाळा. तो बल्बच्या समोर असेल तर बल्बची आच थेट त्याच्यावर पडते. सेन्सर तापतो, थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो आणि अंडी गार राहतात. सेन्सर कोपऱ्यात, हवेच्या छिद्रापाशी किंवा पाण्याच्या वाटीला टेकलेला असेल तर तो गार राहतो, बल्ब जळत राहतो आणि अंडी भाजतात. त्याची योग्य जागा म्हणजे अंड्यांच्या मधोमध, त्यांच्याच उंचीवर, कशालाही न टेकता. बल्ब आणि अंडी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा असावा आणि पंख्याचा झोत अंड्यांवर थेट न येता भिंतीला लागून फिरावा. मग तापाचा थर्मामीटर चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवून पाहावा. कोपऱ्या-कोपऱ्यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर आधी पंख्याची दिशा बदलावी. तोवर फिरवताना अंड्यांच्या जागाही बदलत राहाव्यात.

थर्मोस्टॅट अंड्यासाठीच जन्मला

ठरवलेलं तापमान आपोआप राखणारी यंत्रं आज फ्रिजमध्ये, इस्त्रीत, गिझरमध्ये सगळीकडे आहेत. त्यांच्या वंशावळीच्या अगदी मुळाशी अंडी उबवण्याची भट्टी आहे. नेदरलँड्समधल्या आल्कमारच्या कॉर्नेलिस ड्रेबलने इंग्लंडमध्ये काम करत असताना, १७व्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, ती बनवली. भट्टीत मद्यार्काने भरलेलं पात्र होतं. उष्णता वाढली की मद्यार्क फुगायचा, पाऱ्याला ढकलायचा, पाऱ्यावर तरंगणारी दांडी वर उचलली जायची आणि भट्टीची हवेची झडप मिटायची. विस्तव मंदावला की सगळं उलट व्हायचं. वीज यायला अजून कित्येक पिढ्या होत्या, आणि तापमान मोजून स्वतःला आवरणारी भट्टी तयार झाली होती.

त्याआधी हे काम माणसाची कातडी करत असे. इजिप्तमध्ये मातीच्या प्रचंड भट्ट्यांत अंडी उबवण्याचा धंदा दोन हजार वर्षांहून जुना आहे. तिथले कारागीर अंडं उचलून पापणीला लावायचे आणि ऊब बरोबर आहे का ते ओळखायचे. पापणीची पातळ त्वचा हाच त्यांचा थर्मामीटर, आणि विद्या बापाकडून मुलाकडे जायची.

आजचा थर्मोस्टॅट ड्रेबलच्याच तत्त्वावर चालतो आणि त्यातच एक मोठा दोष दडलेला असू शकतो. बल्ब कोणत्या अंशाला बंद करायचा आणि कोणत्या अंशाला परत लावायचा, या दोन आकड्यांत अंतर ठेवावंच लागतं, नाहीतर बल्ब चालू-बंद करणारा रिले सतत टकटक करत राहील. डब्ल्यू १२०९मध्ये हे अंतर पी१ या सेटिंगमध्ये असतं आणि नवा नग बहुधा २ अंशांवर लावून येतो. त्यावर ३७.५ ठरवलं की बल्ब ३७.५ला विझतो आणि थेट ३५.५ला पेटतो. आपण खोक्यापाशी जातो तेव्हा कधी ३७.५ दिसतं, कधी ३६, आणि ‘सरासरी ठीक आहे’ असं वाटतं. प्रत्यक्षात सरासरी साडेछत्तिसाच्या आसपास असते आणि अंड्याच्या वाट्याला तीच येते. हे अंतर २ ऐवजी ०.२ ते ०.३ केलं की पिल्लं वेळेवर निघण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

अंडं सरासरी धरतं

साठ ग्रॅमच्या अंड्यात जवळपास दोन तृतीयांश पाणीच असतं, आणि पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. दुपारच्या उन्हात अंगण पोळतं तरी विहिरीचं पाणी जिथल्या तिथे असतं, तसंच हे. झाकण उघडलं की हवेचा आकडा झरकन ३४वर येतो, पण अंड्याच्या आत तेवढ्या वेळात काही दशांशही हलत नाहीत. झाकण लावलं की हवा काही मिनिटांत पूर्ववत होते. म्हणून अंडी फिरवायला झाकण उघडल्यावर घाबरून आकडा वाढवू नये.

अंडी यंत्रात ठेवल्याच्या पहिल्या दिवशी तर हा मोह आवरायलाच हवा. खोलीच्या तापमानाची, समजा २२ अंशांची, ५० अंडी ३७ अंशांवर न्यायला किती ऊब लागते याचा हिशेब करता येतो. ४० वॉटचा बल्ब अखंड जळत ठेवला आणि खोक्यातून जराही ऊब बाहेर गेली नाही, तरी तासभर लागतो. प्रत्यक्षात ऊब बाहेर जातेच, म्हणून काही तास लागतात. तेवढा वेळ डिस्प्ले खालीच राहतो. अधीर होऊन सेटिंग ३९ केली, तर अंडी गरम झाल्यावर यंत्र त्यांना सुखाने ३९वर नेऊन ठेवतं. त्यापेक्षा यंत्र आदल्या दिवशी सुरू करावं, ते रिकामं असतानाच स्थिर करावं, अंडी लावावीत आणि हात आवरावा.

अंड्याच्या आतला अंदाज घ्यायची एक सोपी युक्ती आहे. अंड्याएवढी छोटी बाटली पाण्याने भरावी, तिच्यात थर्मामीटर बुडवावा आणि ती अंड्यांच्या रांगेतच ठेवावी. हवेचा आकडा वर-खाली नाचत असला तरी बाटलीतलं पाणी अंड्यासारखंच धिमेपणाने वागतं, आणि त्याचं तापमान हे साधारण अंड्याच्या वाट्याला आलेलं तापमान असतं. मोठ्या उबवणी केंद्रांत तर कवचावरचं तापमान कानाच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजतात. तिथे त्यांचं लक्ष्य असतं ३७.८ अंश, म्हणजे बरोबर १०० फॅरनहाइट.

आणि मग अंडंच तापू लागतं

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट आता. पहिल्या आठवड्यात अंडं उष्णता घेणारं असतं. छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते आणि जाताना थोडी ऊब घेऊन जाते, म्हणून अंडं हवेपेक्षा किंचित गारच राहतं. पण पिल्लू वाढतं, त्याचा श्वसनाचा वेग वाढतो, आणि नवव्या-दहाव्या दिवसाच्या सुमाराला पारडं फिरतं. आता अंडं जेवढी ऊब गमावतं त्यापेक्षा जास्त स्वतः तयार करतं. अठराव्या दिवशी एकेक अंडं दहावा हिस्सा वॉटहून जास्त उष्णता देत असतं. वजनाच्या हिशेबात पाहिलं तर शांत बसलेला माणूसही इतकी देत नाही. पन्नास अंडी मिळून पाच-सहा वॉट होतात. एवढ्याशा खोक्यात आपण न लावलेला एक जिवंत हीटर सुरू झालेला असतो.

त्याचा परिणाम तिसऱ्या आठवड्यात दिसतो. पहिले पंधरा दिवस अगदी सुरळीत गेलेलं यंत्र मग डोकं वर काढतं, बल्ब क्वचितच पेटतो, तरी आकडा ३८च्या पुढे जातो. यात थर्मोस्टॅट बिघडलेला नसतो, पिल्लं मोठी झालेली असतात. डिस्प्लेवर ३७.५च असलं तरी कवचाचं तापमान त्याहून एखाद अंशाने जास्त असू शकतं. उपाय साधे आहेत: हवेची छिद्रं पूर्ण उघडायची, पंखा अडवणारं काही असेल तर काढायचं, अंडी खेटून ठेवली असतील तर मोकळी करायची, आणि अठराव्या दिवसापासून तापमान ३७.२च्या आसपास उतरवायचं. या मोठ्या पिल्लांना प्राणवायूही जास्त लागतो, त्यामुळे छिद्रं उघडणं दुहेरी फायद्याचं.

खोली, वीज आणि ऋतू

हे यंत्र तापवू शकतं, गार करू शकत नाही. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, जिथे पारा ४४-४५वर जातो, तिथे पत्र्याच्या खोलीत ठेवलेला खोका बल्ब पूर्ण विझूनही अंडी मारतो. त्याला एकच इलाज: घरातली सगळ्यात थंड, जाड भिंतींची खोली. आणि त्या दिवसांत अंडी साठवतानाही जपावं लागतं. वाढ थांबवणारी सीमा २०-२१ अंशांची आहे, त्यामुळे ३५ अंशांच्या स्वयंपाकघरात ठेवलेल्या अंड्यात वाढ अर्धवट, अडखळत सुरू होते आणि असा जीव यंत्रात जाण्याआधीच दुबळा होतो. अंडी शक्यतो १५ ते १८ अंशांच्या गारव्यात ठेवावीत आणि आठवड्याच्या आत लावावीत.

हिवाळ्यात अडचण उलटी. मोटारी सुरू झाल्या की गावाकडे व्होल्टेज पडतं. २३०चं १८०वर आलं तर हीटरच्या कॉइलची उष्णता जवळपास ४० टक्क्यांनी घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; बल्बचीही बरीच घटते. थंडीच्या रात्री यंत्राला तेवढ्याने तापमान गाठता येत नाही. म्हणून बल्बची ताकद गरजेपुरतीच न ठेवता थोडी वरचढ ठेवावी. एका मोठ्या बल्बऐवजी दोन लहान लावावेत, म्हणजे एक उडाला तरी दुसरा तग धरतो. बल्ब पिवळाच हवा, एलईडी फार कमी तापतो.

दुसरा धोका रिलेचा. त्याचे संपर्क चिकटले की बल्ब विझायचा थांबतो आणि रातोरात सगळं संपतं. त्यासाठी पहिल्याच्या ओळीत दुसरा थर्मोस्टॅट जोडून तो ३८.५वर लावावा, म्हणजे पहिला फसला तर दुसरा वीज तोडतो. थर्माकोल पेट घेतो, म्हणून बल्बला जाळी असावी आणि आत हात घालण्याआधी पिन काढावी.

लाइट गेली तर काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. खुडूक कोंबडीही रोज थोडा वेळ दाणापाण्यासाठी अंडी सोडून उठते, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने काही बिघडत नाही. जास्त वेळ गेला तर पहिल्या पंधरवड्यात खोका गोधडीत गुंडाळावा. शेवटच्या आठवड्यात मात्र छिद्रं झाकू नयेत. तेव्हा अंडी स्वतःच तापत असतात, आणि बंद पंख्याच्या, झाकलेल्या खोक्यात गारठ्याच्या आधी कोंडमारा होतो.

घाणा वाचायला शिका

प्रत्येक घाणा आपल्या तापमानाची नोंद मागे ठेवतो. सातव्या दिवशी टॉर्चवर शिरांऐवजी रक्ताचं एकच कडं दिसलं तर पिल्लू पहिल्या काही दिवसांत गेलं. अशी अंडी बरीच असली तर सुरुवातीचं तापमान किंवा साठवण तपासावी. पिल्लं विसाव्या दिवशीच निघाली, लहान आणि चुळबुळी आहेत, बेंबी नीट मिटलेली नाही, तर तापमान जास्त होतं. बलक पोटात ओढून बेंबी मिटायला शेवटचे दोन-तीन दिवस लागतात आणि वाढीच्या घाईत तेच हुकतात. पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी निघाली, पोट मोठं आणि मऊ, पाय लटपटते, तर तापमान कमी होतं. काही पिल्लं विसाव्या आणि काही बाविसाव्या दिवशी निघाली, तर खोक्याच्या एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यात फरक होता.

म्हणून वही ठेवावी. कोणत्या दिवशी किती तापमान, कुठल्या कोपऱ्यातलं अंडं कधी फुटलं, लाइट कधी गेली, हे लिहावं. पुढच्या घाण्याला दोन दशांशांची दुरुस्ती करावी, त्यापेक्षा जास्त एकदम नको. आणि यंत्राचा आकडा एक सांगत असेल आणि पिल्लाचं शरीर दुसरं, तर पिल्लाच्या शरीरावर विश्वास ठेवावा. अंड्याच्या आत एकवीस दिवस तेच राहिलेलं असतं.